फुंकणीतून निखारा का फुलतो? : श्वसनसंस्थेची रचना आणि तिचे काम

चुलीतला जाळ मंदावला की फुंकणी तोंडाला लावून जोराने फुंकर घालायची आणि निखारा लालबुंद करायचा, हे दृश्य महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंपाकघरांत अजूनही दिसते. शाळेत मात्र आपण सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलेले असते : आपण श्वासावाटे ऑक्सिजन आत घेतो आणि उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. हे वाक्य शब्दशः खरे मानले, तर फुंकणीतून जाणाऱ्या हवेने निखारा विझायला हवा, कारण कार्बन डायऑक्साइड आग विझवतो. प्रत्यक्षात निखारा फुलतो.

याचे उत्तर हवेच्या साध्या हिशेबात आहे. बाहेरच्या कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. आपण सोडलेल्या हवेत नायट्रोजन जवळपास तेवढाच राहतो, ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर येतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी तीन चतुर्थांश भाग आपण न वापरताच परत करतो. त्यातच फुंकणीच्या झोताबरोबर आजूबाजूची ताजी हवाही ओढली जाते, आणि निखाऱ्याला एवढा ऑक्सिजन पुरतो. बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देऊन वाचवता येते तेही याच कारणाने.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. इतका ऑक्सिजन शिल्लक राहत असेल, तर शांत बसलेले असतानाही आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास का घेतो? थोडा वेळ श्वास रोखला की जीव का घुसमटतो? माझ्या मते श्वसनसंस्था समजून घेण्याची खरी वाट या प्रश्नातून जाते. आपली श्वसनसंस्था ऑक्सिजन आणते हे खरेच आहे. पण तिचा रोजचा, क्षणाक्षणाचा कारभार मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून चालतो. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर धाप लागण्यापासून विहिरीतल्या अपघातांपर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा होतो. त्यासाठी आधी हवेच्या वाटेने आत जाऊन यायला हवे.

नाकापासून छातीपर्यंत

नाक हे केवळ हवेचे दार नाही. नाकपुडीच्या आत, बाहेरच्या भिंतीला लागून, वळलेल्या पडद्यांसारखी तीन हाडे असतात आणि त्यांच्यावर रक्ताने भरलेली ओलसर त्वचा पसरलेली असते. या अरुंद, वळणावळणाच्या वाटेने जाताना हवा भिंतींना घासत जाते, त्यामुळे ती शरीराच्या तापमानाजवळ येते, बाष्पाने भिजते आणि तिच्यातले मोठे धूलिकण चिकट स्रावात अडकतात. पौष-माघातल्या पहाटे तोंडातून निघणारी वाफ हे याच ओलाव्याचे दृश्य रूप. तोंडाने श्वास घेतला तर ही तयारी अपुरी राहते, आणि सर्दीने नाक चोंदलेल्या रात्रीनंतर सकाळी घसा कोरडा पडतो त्याचे कारण हेच आहे. आणखी एक गंमत अशी, की दोन्ही नाकपुड्या सहसा एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. आतल्या त्वचेतला रक्तपुरवठा काही तासांच्या अंतराने आळीपाळीने कमीजास्त होतो आणि एक बाजू थोडी विसावते. योगपरंपरेत चंद्रनाडी आणि सूर्यनाडी या नावांनी ज्याचे निरीक्षण फार पूर्वीपासून होत आले, त्याचे आधुनिक वैद्यकातले वर्णन रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ साली केले.

नाकामागे घसा लागतो आणि तिथे हवेची वाट व अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. अन्ननलिका मागे आणि श्वासनलिका पुढे असल्यामुळे प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरूनच मागे न्यावा लागतो. ही रचना धोक्याचीच आहे. म्हणून घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्यावरचा कूर्चेचा पानासारखा पडदा झाकणासारखा खाली येतो, स्वरतंतू एकमेकांना भिडतात आणि तेवढ्या क्षणापुरता श्वास थांबतो. जेवताना बोलू नये, हसू नये, असे घरातली मोठी माणसे सांगतात त्यामागे शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे : बोलण्यासाठी वाट उघडी लागते आणि गिळण्यासाठी ती बंद लागते. दोन्ही एकदम घडले की ठसका लागतो. उचकी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यात छातीखालचा श्वासपटल हा स्नायू अचानक आखडतो, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरतंतू बंद होऊन तो ओळखीचा आवाज येतो.

स्वरयंत्राखालची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांबीची असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट फिरवले तर तिची कडे हाताला लागतात. कूर्चेची ही १६ ते २० कडी पूर्ण गोल नसून मागे उघडी असतात, त्यामुळे नळी दबत नाही आणि मागून जाणाऱ्या अन्ननलिकेला घास उतरताना फुगायला जागाही मिळते. पुढे ही नळी दोन शाखांत विभागते. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ उतरणारी असते. म्हणूनच लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा फुटाणा गेला, तर तो बहुतेक वेळा उजव्या बाजूला सापडतो. दाढा पुरेशा न आलेल्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ कळकळीने सांगतात ते याचसाठी.

या नळ्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने, घशाकडे, वल्ह्यासारखे हलत असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतू, काजळी त्या स्रावात चिकटते, हळूहळू वर सरकत घशापर्यंत येते आणि आपल्या नकळत गिळली जाते. विडी-सिगारेटच्या धुराने हे तंतू मंदावतात आणि पुढे नष्ट होतात. मग साचलेला कफ वर काढायला खोकल्याखेरीज दुसरे साधन उरत नाही, आणि जुन्या धूम्रपान करणाऱ्यांना सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची ढास लागते.

अर्ध्या कबड्डीच्या मैदानाएवढी जागा

श्वासनलिकेच्या शाखा पुढे साधारण २३ वेळा विभागत जातात, म्हणजे उलट्या धरलेल्या झाडासारख्या. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. सगळ्यात बारीक फांद्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश लगडलेले असतात. एकेक वायुकोश मिलिमीटरच्या सुमारे एक पंचमांश रुंदीचा, पण त्यांची संख्या दोन्ही फुप्फुसे मिळून ३० ते ५० कोटींच्या घरात जाते. त्यांच्या सगळ्या भिंती सपाट पसरल्या, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे एका संघाच्या बाजूचे अख्खे अर्धे मैदान आपण छातीत घडी घालून बाळगतो.

एवढ्या जागेची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. वायुकोशातून ऑक्सिजनला रक्तात ढकलणारा कोणताही पंप नाही. जिथे वायूचा दाब जास्त तिथून जिथे तो कमी तिकडे वायू आपोआप पसरतो, एवढाच नियम तिथे चालतो. पसरण्याची ही क्रिया वेगाने व्हायची असेल तर पडदा पातळ हवा आणि क्षेत्र मोठे हवे. वायुकोशाची भिंत आणि तिला बिलगलेल्या रक्तकेशिकेची भिंत मिळून जो पडदा होतो, तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. या केशिका पहिल्यांदा पाहिल्या त्या इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी, १६६१ साली, बेडकाच्या फुप्फुसात. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्त फिरते असे सिद्ध केले, पण धमनीतले रक्त शिरेत नेमके जाते कुठून, हे त्यांना दिसले नव्हते. तो राहिलेला दुवा फुप्फुसात सापडला.

इतक्या बारीक, आतून ओल्या फुग्यांपुढे एक अडचण असते. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो आणि तो ताण लहान फुग्याला आतल्या आत मिटवू पाहतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि सुटता सुटत नाहीत, तसेच वायुकोशांचे झाले असते. ते होत नाही, कारण वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी साबणाच्या गुणधर्माचा एक स्निग्ध पदार्थ स्रवतात आणि तो पाण्याचा ताण कमी करतो. गर्भात हा पदार्थ साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि ३५व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. दिवस भरण्याच्या आधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात, प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो आणि बाळ थकते. या आजाराचे कारण याच पदार्थाचा अभाव आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे बाळ १९६३ साली याच आजाराने दोन दिवसांत गेले. सत्ता आणि पैसा यांपैकी काहीही कामी आले नाही, कारण उपचारच नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी, मुदतपूर्व बाळंतपणाची चिन्हे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे दाखवून दिले. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून मिळवलेला हा पदार्थ थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडला. स्टिरॉइडचे इंजेक्शन स्वस्त आणि साधे आहे, आणि आज खेड्यातल्या गरोदर बाईलाही ते मिळू शकते. वैद्यकाच्या इतिहासातल्या मला सर्वाधिक समाधान देणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे.

लोहाराचा भाता

फुप्फुसांना स्वतःचे असे ओढणारे स्नायू नसतात. ती आपणहून फुगत नाहीत. त्यांना फुगवले जाते, आणि तेही आतून हवा भरून नव्हे तर बाहेरून ताणून. छाती भात्यासारखी हलते असे आपण बोलताना म्हणतो, आणि ही उपमा शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. लोहार भाता उघडतो तेव्हा आतली जागा वाढते, दाब घटतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते. छातीच्या पोकळीच्या तळाशी घुमटासारखा श्वासपटल असतो. तो आखडला की घुमट सपाट होऊन खाली सरकतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात आणि पोकळी मोठी होते. शांत श्वासात श्वासपटल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच खाली येतो, पण खोल श्वासात तो बराच खाली, काही जणांत तर १० सेंटिमीटरपर्यंत उतरतो. तो पोटातल्या अवयवांना खाली दाबतो, म्हणून झोपलेल्या बाळाचे पोट श्वासागणिक वर येताना दिसते.

छातीची भिंत हलली तर फुप्फुस तिच्याबरोबर का हलावे? फुप्फुसांभोवती दुपदरी आवरण असते आणि त्या दोन पदरांमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवरून सहज सरकतात पण ओढून वेगळ्या करता येत नाहीत, तसे हे दोन पदर राहतात. अपघातात बरगडी घुसून या पदरांमध्ये हवा शिरली, तर हे बंधन सुटते आणि फुप्फुस फुग्यासारखे आक्रसून जाते.

उच्छ्वास मात्र शांत स्थितीत विनासायास होतो. स्नायू सैल पडतात आणि ताणलेले फुप्फुस स्वतःच्या लवचीकपणाने पूर्वस्थितीला येते. कितीही जोर लावला तरी फुप्फुसे पूर्ण रिकामी होत नाहीत. प्रौढ माणसात सव्वा लिटरच्या आसपास हवा आतच राहते आणि त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत.

इथे एक हिशेब मांडावासा वाटतो. शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि नळ्यांतच राहते आणि वायुकोशापर्यंत न पोहोचता परत जाते. मिनिटाला १२ श्वास घेणारा माणूस एकूण ६ लिटर हवा हलवतो, पण वायुकोशांना त्यातली ४.२ लिटर मिळते. तीच ६ लिटर हवा एखाद्याने २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांत घेतली, तर वायुकोशांना फक्त २.४ लिटर मिळते. आणि एक लिटरच्या सहा दीर्घ श्वासांत घेतली, तर ५.१ लिटर. संथ, खोल श्वासाचा आग्रह प्राणायामात धरला जातो, त्याचे निदान एक कारण तरी या साध्या वजाबाकीत दिसते. घाबरलेल्या किंवा दुखण्याने उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आणि परिचारिका पुन्हा पुन्हा सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगतात, तेही याच हिशेबाने.

रक्तातली देवाणघेवाण

शरीरातून परतलेले काळपट लाल रक्त हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे पाठवते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे शरीरातले जवळपास सगळे रक्त, एकदा फुप्फुसांतून जाऊन येते. एकेका तांबड्या पेशीला वायुकोशाशेजारच्या केशिकेत सुमारे पाऊण सेकंद मिळतो, आणि तिचा ऑक्सिजन त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच भरून होतो. उरलेला अर्धा सेकंद ही आपली राखीव वेळ आहे. धावताना रक्त वेगाने जाते तेव्हा ती कामी येते. फुप्फुसाच्या पडद्याला सूज येऊन तो जाड झाला की आधी हीच राखीव वेळ खर्ची पडते, म्हणून अशा रुग्णाला बसल्या जागी बरे वाटते आणि दोन जिने चढताच धाप लागते.

ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात नुसता विरघळून ०.३ मिलिलिटरच ऑक्सिजन मावतो, पण हिमोग्लोबिनमुळे तेच रक्त सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवून यातली किती टक्के जागा भरलेली आहे ते मोजतो. निरोगी माणसात हा आकडा सहसा ९५ ते १०० असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी : ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, हिमोग्लोबिनचे प्रमाण सांगत नाही. रक्तक्षयाने अशक्त झालेल्या बाईच्या बोटावरही तो ९९ दाखवू शकतो, कारण गाड्या कमी असल्या तरी आहेत त्या भरलेल्या असतात.

कार्बन डायऑक्साइडचा परतीचा प्रवास वेगळ्या वाटेने होतो. त्याचा सर्वात मोठा भाग, सुमारे ७० टक्के, तांबड्या पेशीत पाण्याशी संयोग पावून आम्लात आणि पुढे बायकार्बोनेटमध्ये बदलतो, आणि फुप्फुसात पोहोचल्यावर ही क्रिया उलटी फिरून वायू मोकळा होतो. गोटी सोड्याच्या बाटलीत दाबाने भरलेला हाच वायू पाण्याला आंबूस चव देतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठला की रक्त आम्लधर्मी होते, आणि रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. इथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. ऑक्सिजन थोडा घटला तरी हिमोग्लोबिन बराच काळ सांभाळून घेते. पण कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला, तरी सगळ्या पेशींचे रसायन बिघडू लागते.

हा वायू येतो कुठून, याचेही उत्तर अनेकांना चकित करते. भाकरी, भात, तूप यांतला कार्बन पेशींमध्ये जळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. वजन घटते तेव्हा चरबी घामातून जाते असा सार्वत्रिक समज आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार, १० किलो चरबी पूर्ण जळली तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे जाते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते.

धाप कोण लावतो?

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी, मानेला लागून असलेल्या मज्जेच्या भागात ठरते. तिथल्या पेशी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सतत जोखत असतात. धमनीतल्या रक्तात हा दाब सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका असतो आणि तो ४५ झाला तरी साधारणपणे श्वसन दुपटीहून अधिक वाढते. ऑक्सिजनसाठीची धोक्याची घंटा मानेतल्या धमनीजवळ असते, पण तिथला दाब नेहमीच्या १०० वरून ६० च्या आसपास उतरेपर्यंत ती जोराने वाजत नाही. श्वासाची लय मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरते, हा शोध ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली मांडला. आयुष्याची शेवटची वर्षे भारतात काढून १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवणारे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हे याच जॉन स्कॉट हाल्डेन यांचे चिरंजीव.

कबड्डीत, पूर्वीच्या हुतूतूत, चढाई करणारा खेळाडू एका दमात शब्द म्हणत राहतो. दम सुटायला येतो तेव्हा त्याच्या रक्तात ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. श्वास घ्यायला भाग पाडतो तो स्नायूंनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर चढताना लागणारी धापही मुख्यतः विरळ हवेची नसते, तर पायांच्या कष्टाची असते. लेहला, ३,५०० मीटरवर, गोष्ट वेगळी होते. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. ऑक्सिजनसाठी शरीर जोराने श्वास घेऊ लागते, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि मेंदूतला नियंत्रक उलट श्वास कमी करायला सांगतो. ही ओढाताण मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून मिटवतात आणि त्यांना काही दिवस लागतात. विमानाने लेहला उतरलेल्या प्रवाशांना पहिले दोन दिवस नुसते पडून राहायला सांगतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

शरीराची घंटा ऑक्सिजनची नसून कार्बन डायऑक्साइडची आहे, हे न कळल्यामुळे माणसे मरतात, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणारी मुले पाण्याखाली जास्त वेळ राहण्यासाठी आधी भराभर श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कारण तो आधीच भरलेला असतो. फक्त कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी घुसमट जाणवतच नाही आणि पोहणारा कुठलीही खूण न मिळता बेशुद्ध होतो. चांगले पोहता येणारी मुलेही अशी बुडतात.

जुनी कोरडी विहीर, धान्याचे पेव, मैल्याची टाकी यांत याहून भयंकर गोष्ट घडते. कुजण्याच्या क्रियेने तिथला ऑक्सिजन संपलेला असू शकतो आणि त्याच्या जागी मिथेनसारखे वायू भरलेले असतात. अशा हवेत उतरलेला माणूस श्वास घेतो आणि सोडतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून गुदमरल्याची भावना होत नाही, आणि काही श्वासांतच तो कोसळतो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असेल तर तो आधी वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. एकाच टाकीत बाप आणि मुलगा, किंवा सख्खे भाऊ गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय कुणालाही उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरवली जातात. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत मिथेनमुळे भडका उडवू शकते आणि विषारी वायू ओळखूही शकत नाही. वायू मोजणारे यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि वर दोर धरून उभा असलेला माणूस या तीन गोष्टी नसतील, तर खाली उतरायचेच नाही. आणि आत कोणी पडला असेल तर अग्निशमन दलाला बोलावायचे, स्वतः उडी घ्यायची नाही.

करोनाच्या साथीत ऑक्सिमीटरवर ८० चा आकडा असताना रुग्ण फोनवर शांतपणे बोलत होते. डॉक्टरांनाही चक्रावून टाकणाऱ्या त्या प्रकारामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते, की कार्बन डायऑक्साइड पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज पसरतो. आजारी फुप्फुसातूनही तो बाहेर पडत राहिला आणि घंटा वाजली नाही.

नळ्या अरुंद होतात तेव्हा

फुप्फुसांच्या आजारांचा पसारा मोठा आहे. इथे फक्त दोन घेतो. दम्यात बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आखडतात, आतली त्वचा सुजते आणि कफ साचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सोळापट होतो, त्यामुळे थोड्याशा आकुंचनानेही माणूस हैराण होतो. उच्छ्वासाच्या वेळी छातीच्या दाबाने या नळ्या आणखी मिटतात, म्हणून दमेकऱ्याला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे जड जाते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ‘पंपाची सवय लागेल’ या भीतीने अनेक घरांत मुलांना गोळ्या दिल्या जातात, पण पंप टाळला जातो. ही भीती निराधार आहे. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि थेट नळीवर पडते. गोळीतले औषध त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात घ्यावे लागते आणि सगळ्या शरीरातून फिरून तिथे पोहोचते.

दुसरा आजार म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होणे आणि वायुकोशांच्या भिंती विरून जाणे. याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. अर्ध्या मैदानाएवढी ती जागा यात हळूहळू घटते आणि गेलेली जागा परत येत नाही. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, असे जगभर मानले जात होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात, कधीही धूम्रपान न केलेल्यांमधला सीओपीडी किती मोठा आहे आणि त्यात लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुराचा वाटा किती मोठा आहे, याकडे जगाचे लक्ष वेधले.

या धुरातले अडीच मायक्रोमीटरहून लहान कण नाकात अडकत नाहीत आणि वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे वल्हे मारणारे तंतू नसतात. तिथे फक्त कण गिळणाऱ्या पेशी असतात आणि वर्षानुवर्षांच्या धुरापुढे त्या कमी पडतात. फुंकणी लावणारी बाई फुंकर घालण्याआधी छाती भरून श्वास घेते, आणि तो श्वास ती चुलीपाशी वाकून, धुरातच घेते. चाळीस-पन्नाशीच्या वयात ती पाण्याची कळशी उचलताना थांबू लागली, तर घरचे तिला वय झाले, रक्त कमी आहे, असे सांगतात. रक्त तपासून घ्यावेच. पण नळीत जोराने फुंकण्याची तपासणीही (स्पायरोमेट्री) करून घ्यावी. निरोगी फुप्फुसे असलेला प्रौढ माणूस पूर्ण श्वासातली सत्तर टक्क्यांहून अधिक हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. अरुंद नळ्यांतून तेवढी हवा तेवढ्या वेळात निघत नाही. तपासायला जाताना किती वर्षे आणि दिवसाचे किती तास चुलीपाशी गेले, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.